चोंदलेलं नाक आणि थेंबांची बाटली

नमस्कार श्रोतेहो. रात्री बाळाचं नाक चोंदतं, ते दूध ओढता ओढता सोडून देतं, रडायला लागतं. मग घरातलं कुणीतरी मागच्या सर्दीतली, तोंडावाटे पाजायच्या थेंबांची अर्धी बाटली काढतं. ती बाटली आधी उजेडात धरून वाचा. बहुतेकदा दोन नावं दिसतील, क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचं औषध आणि फेनिलेफ्रिन हे नाक मोकळं करायचं म्हणून दिलं जाणारं. एका मिलिलिटरमध्ये पहिलं २ मिलिग्रॅम, दुसरं ५. हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा बाटलीवर छापा, असं भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं. पुन्हा सांगते, चार वर्षांखाली नाही.

यातल्या फेनिलेफ्रिनची हकीकत ऐकाच. अमेरिकेत पूर्वी नाक मोकळं करायला स्युडोएफेड्रिन खपायचं. त्यापासून लोक चोरून नशेचा पदार्थ बनवू लागले, म्हणून २००६ मध्ये ते दुकानदाराच्या काउंटरमागे गेलं. ओळखपत्र दाखवून सही केल्याशिवाय मिळेना. रिकाम्या फळीवर कंपन्यांनी फेनिलेफ्रिन मांडलं. त्याला मान्यता होती, पण ती कित्येक दशकांपूर्वीच्या अभ्यासांवर. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लेस्ली हेंडेलेस आणि रँडी हॅटन या दोन प्राध्यापकांनी ते जुने अभ्यास उकरून काढले. त्यांचं म्हणणं असं, की हे औषध पोटात घेतलं तर आतड्याच्या भिंतीतच बहुतेक मोडून जातं; नाकापर्यंत पोचतं ते नगण्य. २००७ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला. २०१५ मध्ये पुन्हा केला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये प्रश्न तज्ज्ञांच्या समितीपुढे आला आणि मतदान झालं सोळा विरुद्ध शून्य! नेहमीच्या मात्रेत पोटात घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करतं याला पुरावा नाही, असं सोळाच्या सोळा जणांनी सांगितलं. मोठ्यांचंही नाक जे उघडत नाही, ते बाळाला कशाला पाजायचं? उरतं क्लोरफेनिरामिन. त्याने गुंगी येते. बाळ झोपतं, घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं, नाक मात्र तसंच.

मोठ्या मुलाला डॉक्टरांनी याच दोन औषधांचं सिरप दिलं असेल तर थेंबांची बाटली त्याऐवजी वापरू नका. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये सहसा जेवढं फेनिलेफ्रिन, तेवढं थेंबांच्या एकाच मिलिलिटरमध्ये. थेंब चमचाभर पाजले तर पाचपट औषध पोटात जातं.

चोंदलेलं नाक उघडायचे झायलोमेटाझोलिनचे नाकात घालायचे थेंबही घरात असतात. मोठ्यांचे ०.१ टक्क्याचे असतात. ते बाळाच्या नाकात घालू नका. जास्त गेले तर बाळ मलूल होतं, ठोके मंदावतात. बाटली दिसायला सलाईनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या थेंबांसारखीच असते, म्हणून दोन्ही एका डब्यात ठेवू नका.

मग करायचं काय? मेडिकलमध्ये ०.६५ टक्के सलाईनचे थेंब मिळतात, तेवढेच आणा. दूध पाजायच्या पंधरा मिनिटं आधी बाळाला उताणं ठेवून प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब टाका. मिनिटभर थांबा. शेंबूड ओढून काढायचा रबरी फुगा आधी नाकाबाहेर दाबा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावा, मग हळू सोडा. नाकात गेल्यावर दाबला तर शेंबूड आत ढकलला जातो. दिवसातून तीन-चार वेळांवर जाऊ नका, नाक आतून सुजतं. आणि नाकात तेल नको, कितीही जुनी पद्धत असली तरी. ते फुप्फुसात उतरतं.

बारशाला शिंकत येऊन बाळाचे मुके घेणाऱ्या पाहुण्यांना दारातच थांबवावं, या मताची मी आहे. आत्याबाई रुसल्या तरी चालेल.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नका.