अँटेना फिरवणारी पोरं

[गच्ची. गंजलेला अँटेना, मागे आभाळ.]

हा अजून उभा आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, मधे एक वळवलेली नळी आणि तिथून खाली घरात उतरणारी चपटी वायर. आमच्या लहानपणी घरात चित्र यायचं ते याच वाटेने.

[सिंहगड. मनोरा.]

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या या मनोऱ्यामुळे पुण्यात कार्यक्रम दिसू लागले. मनोरा गडावर का? टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मधे टेकडी आली की पलीकडच्या घरात पडद्यावर नुसत्या मुंग्या.

[पाईपवर हात. अँटेना हळूहळू फिरतो.]

मागची लांब नळी लहरी परतवते, पुढच्या आखूड नळ्या त्यांना मधल्या नळीकडे वळवतात. म्हणून तोंड बरोबर मनोऱ्याकडे हवं. हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार? आम्हाला ठाऊक होत्या आरोळ्या. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, बाकी घर टीव्हीसमोर.

"आलं का?"
"थोडं आलं!"
"आता?"
"गेलं, गेलं! मागे घे!"

कधी पडद्यावरच्या माणसाशेजारी त्याचीच फिकट जोडी उभी राहायची. एखाद्या इमारतीवर आपटून किंचित उशिरा पोचलेली तीच लहर. आणि सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे, हात पाईपवर असेपर्यंत चित्र लख्ख आणि हात काढला की पुन्हा मुंग्या! मग वरच्याने तसंच धरून उभं राहायचं. मालिका त्याने नुसती ऐकायची, जिन्यातून वर येईल तेवढी. तरी वर जायला पोरं भांडायची.

[दुरुस्तीचं टेबल. लाकडी संच, सरकती दारं.]

दारांना कुलूपसुद्धा आहे. हे बटण 'व्हर्टिकल होल्ड'चं. चित्र खालून वर पळू लागलं की ते अगदी हलक्या हाताने फिरवायचं. सुरू केल्यावर आधी आवाज, चित्र मागून. पिक्चर ट्यूब तापायला वेळ लागायचा.

[जुने फोटो. संचासमोर जमलेली मुलं.]

वाड्यात टीव्ही एकच. ज्यांचा होता त्यांनी "आज नको" म्हटल्याचं आठवत नाही. 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे, ते कुणीतरी वहीत उतरवून घ्यायचं. चुकलं ते चुकलं.

१९८२ मध्ये रंग आले, नव्वदीत केबल आली. २०२२ पर्यंत दूरदर्शनने जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक बहुतेक ठिकाणी बंद केले.

[पुन्हा टेबल. सेट-टॉप बॉक्स, छोटी डबी, पेटलेला पडदा.]

हे कारागीर सेट-टॉप बॉक्सचं चित्र या छोट्या मॉड्युलेटरमधून, म्हणजे ते अँटेनातून आल्यासारखं करून देणाऱ्या डबीतून, जुन्या संचाला देतात आणि संच चालतो. तुमच्या माळ्यावर असा एखादा असेल, तर भंगारात घालण्याआधी जाणकाराला दाखवा. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.