दर्जा नाही, पण दम आहे: बोर्दोची सोसिआंदो-माले

(कॅमेऱ्यासमोर बाटली. लेबल दिसेल अशी धरलेली.)

नमस्कार मंडळी. ही बाटली बघा. शातो सोसिआंदो-माले, लाल वाइन. शातो म्हणजे वाइन बनवणारा मळा. नाव घेताना जीभ अडखळते, माझीही पहिल्यांदा अडखळली होती. गाव फ्रान्समधलं, वाइनसाठी प्रसिद्ध बोर्दो शहराच्या उत्तरेला, मेदोक नावाच्या पट्ट्यात. कमेंटमध्ये सगळ्यांत जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, ‘ताई, बोर्दो प्यायची तर पगार विकावा लागतो का?’ तर नाही. पण कुठे बघायचं ते माहीत हवं.

आधी घोळ समजून घेऊ. १८५५ साली पॅरिसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. तिसऱ्या नेपोलियनचा काळ. तिथे मांडण्यासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनची यादी केली. कशावरून? चव घेऊन नाही, बाजारात कुठल्या वाइनला किती भाव मिळतो त्यावरून. लाल वाइनच्या पाच पायऱ्या केल्या. आज त्या यादीत ६१ नावं आहेत, आणि पहिल्या पायरीत नंतर फक्त एकच नाव चढलं, मूतों रॉथशिल्ड, तेही १९७३ मध्ये. म्हणजे काय, तर पणजोबांच्या काळात कुणी तरी पाटी लावली आणि आजही आपण त्या पाटीचे पैसे भरतोय. पहिल्या पायरीतल्या लाफित किंवा लातूरच्या (आपलं लातूर नव्हे!) एका बाटलीला कित्येकशे युरो पडतात.

ही यादी उत्तरेला सँतेस्तेफ या गावापाशी संपते. त्याला लागून पुढचं गाव सँ-सरँ-द-कादूर्न, आपली सोसिआंदो इथलीच. तिथे यादीतलं एकही नाव नाही. पण जमीन काय गावाची वेस बघून बदलते? तीच जिरोंद खाडी, तीच खडीची टेकाडं. मेदोकमध्ये जुनं म्हणणं आहे की चांगल्या वेलीला नदी दिसली पाहिजे. ऐकायला काव्य वाटतं, पण त्यात हिशेब आहे. एवढं मोठं पाणी आजूबाजूची थंडी अडवतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये बोर्दोत दहिवर पडून कोंब जळाले, तेव्हा खाडीकाठचे मळे बरेच वाचले. आणि खडी? पाणी साचू देत नाही, दिवसभर तापते. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकणारं द्राक्ष, त्याला ही ऊब लागते.

१९६९ मध्ये झाँ गोत्रो नावाच्या वाइन व्यापाऱ्याने सोसिआंदोची ही पडीक झालेली जागा घेतली. जेमतेम पाच हेक्टर वेली शिल्लक होत्या. आडनाव गोत्रो, पण वाइनला गोत्र नाही! मला हा माणूस फार आवडतो. खालच्या दर्जाची, ‘क्रू बूर्ज्वा’ नावाची एक वेगळी यादी आहे, २००३ मध्ये तिची नवी छाननी झाली तेव्हा याने अर्जच केला नाही. चार वर्षांनी कोर्टबाजीत ती यादीच रद्द झाली. सोसिआंदोचा भाव तोवर लोकांनी पिऊनच ठरवला होता. गोत्रो २०१९ मध्ये गेले, आता मुलगी बघते.

तिकडे एका बाटलीला साधारण तीस-चाळीस युरो. स्वस्त म्हणणार नाही मी. पण वीस वर्षं टिकणारी वाइन या पैशात मिळणं, हे बोर्दोत सोपं नाही.

आता मुद्द्याचं. लगेच प्यायची की ठेवायची?

तरुण सोसिआंदो प्यायलात तर तोंड आवळतं. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, तुरट. हा तुरटपणा सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून येतो. वर्षं जातात तसे हे तुरट कण एकमेकांना चिकटून जड होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि वाइन मऊ होते. आंब्याची अढी लावतो ना, तसंच. फरक एवढाच, की मध्ये काही वर्षं ही वाइन रुसून बसते. वास नाही, चव नाही, नुसती आंबटतुरट. तेव्हा उघडलीत तर म्हणाल ताईने फसवलं.

म्हणून लेबलवरचं वर्ष, म्हणजे द्राक्षं खुडली ते साल, बघून घ्या. २०१४ असेल तर आत्ता खुशाल उघडा. २०१६ ताकदीचं वर्ष, ती अजून दहा वर्षं थांबेल. आणि अजिबात धीर नसेल तर यांचीच धाकटी वाइन आहे, ‘ला दमुआझेल’, ती तरुणपणीच प्यायची.

पण थांबायचं कुठे? पुण्या-मुंबईच्या घरात नाही! माझ्या आतेभावाने आणलेली एक चांगली बाटली मी फ्रिजच्या डोक्यावर ठेवली होती. दोन उन्हाळे. उघडली तर शिजवलेल्या मनुकांचं पाणी. १२-१४ अंश, अंधार, थोडी दमट हवा आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. एवढं जमत असेल तरच साठवा. लंडन, अ‍ॅमस्टरडॅमवाल्यांच्या घरी तळघर असेल तर त्यांचं बरं आहे. इथे आयात वाइनवर इतकी वर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क, वर राज्याचे कर. त्यामुळे कुणी परदेशातून येत असेल तर विमानतळावरच्या दोन लिटरच्या मुभेत दोन बाटल्या आरामात बसतात. आणि आली की पिऊन टाका.

पिताना दोन गोष्टी. ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे मे महिन्यातली आपली खोली नव्हे. आधी फ्रिजमध्ये ठेवा, १७-१८ अंशांना आली पाहिजे. आणि तांबडा रस्सा नको. तिखटाने तुरटपणा दुप्पट खवळतो. कमी मसाल्याचं सुकं मटण घ्या, चरबीसकट. प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा पकडून ठेवतात, वाइन एकदम गोडसर वाटायला लागते.

(बूच काढत.) ही २०१४ ची. बूच बघा, खालून जांभळं झालंय, वरपर्यंत ओल चढलेली नाही, छान. आता हळूच काचेच्या जगमध्ये ओतते... शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवायचा. वास? काळं करवंद, आणि नवी पेन्सिल तासल्यासारखं काहीतरी. अजून बंद आहे जरा. तासभर राहू दे उघडी. तोवर मी मटण गरम करते.