नव्व्याण्णव रुपयांतली हत्यारं

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीच्या गणपती पेठेतून चक्कर मारा, नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयात सेल लागला असेल तिथं जा. एका टेबलावर हत्यारांचा ढीग दिसतोच. पकडी, स्क्रू ड्रायव्हर, मेजर टेप, कटर, क्लॅम्प, आणि वर पुठ्ठ्याची पाटी: 'कोणतीही वस्तू ९९ रुपये'. काही जण लांबूनच म्हणतात, हा सगळा टाकाऊ माल. काही जण पिशवी भरून नेतात. माझं उभं आयुष्य कुपवाडच्या एमआयडीसीत फिटरचं काम करण्यात गेलं. मला विचाराल तर दोघांचंही चुकतं. त्या ढिगात खरोखर चांगल्या वस्तू असतात, पण निवडायचं कसं हे ठाऊक पाहिजे.

हत्यार हातात घेतलं की आधी एवढंच बघा, याच्यावर जोर किती येणार आहे? जे नुसतं धरतं, मोजतं किंवा खरवडतं, ते स्वस्तातलं बिनधास्त घ्या. जे पिळ खातं, किंवा वीज आणि तुमचा हात यांच्या मधे असतं, त्याला त्या टेबलावर हात लावू नका.

मोजायच्या टेपपासून सुरुवात करू. तीन मीटरची साधी टेप. तिच्या टोकाला पत्र्याचा आकडा असतो आणि तो हलतो. लोक तो हलवून बघतात, 'ढिला आहे' म्हणतात आणि टेप परत ठेवतात. काही जण तर घरी नेऊन त्यावर हातोडी घालून तो घट्ट करतात. कृपा करून असं करू नका. तो आकडा हलण्यासाठीच बसवलेला असतो. त्याच्या रिबिटांची भोकं मुद्दाम लांबट ठेवतात. फळीच्या कडेला आकडा अडकवून टेप ओढली, की तो थोडा बाहेर येतो. कपाटाच्या आतलं माप घेताना टेप भिंतीला टेकवून दाबली, की तेवढाच आत जातो. हे हलणं त्या पत्र्याच्या जाडीएवढं असतं, त्यामुळे आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मापं बरोबर येतात. म्हणजे न हलणारा आकडाच संशयाचा समजा.

टेप खरी आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. अशी दहा नाणी एका ओळीत, एकमेकांना चिकटवून लावा. बरोबर २७ सेंटीमीटर भरली पाहिजेत. घरच्या वापराला एवढी खात्री पुरते. मात्र त्या टेपनं कापड किंवा वायर मोजून विकायची असेल, तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलंच माप लागतं. दुकानदार श्रोत्यांनी ते ध्यानात ठेवावं.

आता एक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायची करवत. याच्यात दोन भाग. फ्रेम आणि पातं. फ्रेमचं काम पातं ताणून धरायचं. ती स्वस्तातली असली तरी चालते, फक्त दोन्ही टोकांच्या खिळ्या एका रेषेत आहेत का ते डोळ्यासमोर धरून बघा. सोबत फुकट मिळणारं पातं मात्र बाजूला ठेवा आणि हार्डवेअरच्या दुकानातून चांगलं पातं आणा. नळीसाठी इंचाला २४ दात, जाड सळईसाठी १८. पातं बसवताना दातांचं तोंड मुठीपासून लांब, पुढच्या बाजूला हवं, कारण कापायचा जोर पुढे ढकलताना असतो. मग मागचा नट असा आवळा, की पात्यावर टिचकी मारली तर टणटण वाजलं पाहिजे. वाजलं नाही तर कापताना पातं वाकडं जाणार. पैसे पात्यावर घाला, फ्रेमवर वाचवा.

स्प्रिंगचे क्लॅम्प घ्या, दोन नाही, चार घ्या. चिकटवलेली खुर्ची रात्रभर दाबून धरायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. स्क्रू ठेवायची लोहचुंबकाची वाटी असेल तर तीही उचला. तारेचा ब्रश आणि पुट्टीची पत्री ही तर आपल्या गावात प्रत्येक घरी हवीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतींचे पोपडे, ग्रिलवरचा गाळ आणि गंज काढायला हीच दोन हत्यारं लागली. ती घासून संपण्यासाठीच असतात. महागडी घेऊन करणार काय?

पकडीचं जरा जपून. मिटवून उजेडासमोर धरा. टोकाशी दोन्ही जबडे पूर्ण टेकले पाहिजेत, तिथून उजेड दिसता कामा नये. मग दोन्ही मुठी आडव्या हलवून बघा. सांध्यात खडखड असेल तर ठेवून द्या. आणि त्या लाल-पिवळ्या रबरी मुठींवर भरवसा ठेवू नका. ते रबर हात घसरू नये म्हणून असतं. विजेच्या कामाच्या पकडीवर १००० व्होल्टची खूण असते, आणि ती चांगल्या दुकानातूनच घ्यायची.

आता नको त्या वस्तू. ॲडजस्टेबल पाना पहिला. स्वस्तातल्याचा जबडा ढिला असतो. तो नटावरून सरकतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग पाच मिनिटांच्या कामासाठी नट कापायला माणूस बोलवावा लागतो. ॲलन की, म्हणजे षटकोनी खाचेचे स्क्रू फिरवायच्या किल्ल्या, त्यांच्या सेटचं तेच. 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे कडक पोलाद, असा ठसा मारलेला असतो, पण ठसा कुणीही मारू शकतो. पोलादाची परीक्षा कानशीनं होते. एका कोपऱ्यावर कानस हलकेच फिरवा. नुसती घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर नरम.

टेस्टरबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो. टेस्टरच्या आत एक बारीक रेझिस्टर असतो. आपल्या घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला तोच अडवतो. तुम्ही मागच्या टोपीवर बोट ठेवता, तेव्हा अगदी किंचित वीज तुमच्या अंगातून जमिनीत जाते आणि आतला निऑन दिवा लागतो. तो रेझिस्टर खराब निघाला, तर तुमच्या हातात आणि लाइनमध्ये काहीच उरत नाही. म्हणून टेस्टर इलेक्ट्रिकच्या दुकानातून, आयएसआयची खूण बघून घ्या. आणि दर वेळी आधी चालू असलेल्या सॉकेटवर तपासा. बिघडलेला टेस्टर लागत नाही, आणि माणूस समजतो वीज नाही. ढिगातल्या एक्स्टेन्शन बोर्डाचीही तीच गत. आतली वायर बारीक असते आणि त्यावर कुणीतरी इस्त्री लावतं.

माझ्या तासगाव आणि कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदार मंडळींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, त्या टेबलावर असतो आणि दिसायलाही छान असतो. दारात चार गुलाब आणि एक मोगरा असेल, तर तो जरूर घ्या, कितीतरी दिवस चालेल. पण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणाऱ्या मजुराच्या हातात तो देऊ नका. दिवसभर तीच कात्री दाबायची असते. स्प्रिंग बसते, पातं बोथट होतं, काडी कापली न जाता चेचली जाते आणि चेचलेल्या जागी रोग शिरायला वाट मिळते. त्याशिवाय मनगट दुखतं ते त्या बाईचं किंवा गड्याचं. तिथे महागातला, पातं बदलता येणारा सिकेटरच घ्या.

मला कळकळ वाटते ती एवढ्यासाठी, की आपल्या कितीतरी घरांत एकही हत्यार नसतं. कडीचा स्क्रू निखळला की कडी महिनोन्‌महिने लोंबकळते, आणि बायाबापड्या सुरीच्या टोकानं स्क्रू फिरवून हात कापून घेतात. टेप, एक्साची फ्रेम, चार क्लॅम्प, पत्री, ब्रश आणि पारखून घेतलेली पक्कड, एवढं सगळं एका महागड्या सेटपेक्षा कमी पैशात येतं. हॉस्टेलवर निघालेल्या मुलीच्या बॅगेतही टेप आणि पक्कड जरूर द्या.

घरी आणल्यावर पकडीच्या सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. खायचं तेल नको, ते चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात हत्यार ओलं झालं तर त्याच दिवशी पुसा. गंज चढलाच तर तारेच्या ब्रशनं घासून रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा आणि वरून तेल लावा. हे काम उघड्यावर करा, चुलीपासून आणि गॅसपासून लांब.

नमस्कार.