तुसाची राख आणि चहाचा कप

विषय सिरॅमिकचा, म्हणजे कपाच्या मातीत थोड्या गारगोटीऐवजी तुसाची राख घालण्याचा, असला तरी सुरुवात मी आमच्या भंडाऱ्याच्या आजीपासून करणार, त्यात थोडा वेळ जाईल, जाऊ द्या. आमच्याकडे सगळं धानाचंच, त्यामुळे चुलीमागे तुसाच्या राखेचे दोन डबे कायम. पांढुरकी राख भांड्यांना, काळी दात घासायला. मी चुकीचा डबा आणला की आजी चिमूटभर बोटांत चोळायची आणि म्हणायची, "ही घाईत जळलेली आहे रे, ठेव परत." घाईत जळलेली! इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलं नाही. ढीग मंद धुमसत ठेवला की कार्बन हळूहळू जळून जातो, राख पांढरी पडते. भडकन पेटवला तर तुसातलं पोटॅशियम वितळतं आणि कार्बनला आतच कोंडून टाकतं, मग राख काळीच राहते. आजीला पोटॅशियम ठाऊक नव्हतं, तिच्या बोटांना होतं. इथे राखेनं भांडी कुणी कुणी घासलीत? बघा, पुढच्या दोन रांगा पूर्ण वर, आणि मागची पोरं मोबाईलमधून वर बघतायत.

आता माझं दुखणं. मी एकदा पांढऱ्या राखेचं पोतं घेऊन एका टाइल्सच्या कारखान्यात गेलो, गेटवरच अडवलं, म्हणे कचरा आत नको. आणि त्याच गेटमधून दळलेल्या गारगोटीचा ट्रक आत चाललेला! अहो तीही सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच, आणि हीही सिलिका. 1000 किलो धानामागे साधारण 200 किलो तूस, ते जाळलं की 40 किलोच्या आसपास राख, त्यात बहुतेक वेळा 85 टक्क्यांहून जास्त सिलिका, आणि ती मिलच्या मागे पडून सायकलवाल्यांच्या डोळ्यांत जाते. मला याचा अजून राग येतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत, तर भरभर सांगतो. कपात केओलिन म्हणजे पांढरी चिनी माती, फेल्डस्पार म्हणजे भट्टीत वितळणारं खनिज, आणि गारगोटी. भट्टीत फेल्डस्पारची काच होऊन ती सगळ्याला धरते, पण गारगोटीचे जाडे कण पुरते विरघळत नाहीत, आणि थंड होताना 573 डिग्रीला असा कण एकदम आक्रसतो, भोवतालची काच तेवढी आक्रसत नाही, म्हणून कणाभोवती केसासारखी चीर पडते आणि कप तिथून फुटतो. तूस साधारण 700 डिग्रीच्या आत जाळलं तर सिलिका स्फटिक न होता राहते, ती बारीक असते, काचेत चटकन विरघळते. कणच उरला नाही तर चीर कुठून पडणार? भट्टीही थोडी कमी तापवून चालते.

फार तापलेल्या राखेतल्या सिलिकेचं क्रिस्टोबलाइट, म्हणजे स्फटिक, होतं, त्याचीही आक्रसायची तीच खोड, शिवाय ती धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून बॉयलरची राख तशीच वापरू नका. आणि गारगोटी सगळी काढून राख ओतायची नाही, काच जास्त झाली की भांडं भट्टीतच वाकतं, थोडी थोडी वाढवत बघायचं. मागच्या टेबलावर दोन्ही राखा वाटीत ठेवल्यात, जाताना बोटांत चोळून बघा, काळी घेतलीत तर हात धुवायला नळ डाव्या हाताला आहे.