वाडीचा ग्रुप आणि सहा आकडी कोड

मंडळी, आपल्याकडे आता वाडीवाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. गणपतीची वर्गणी, आंब्याच्या पेटीचा भाव, कुणाचं दुखणंखुपणं, सगळं तिथेच कळतं. गावकरी आणि मुंबईचे चाकरमानी, दोघेही त्यात. म्हणूनच चोराला एकाचं खातं मिळालं की अख्खी वाडी त्याच्या हाती लागते.

हे होतं कसं, ते नीट ऐका. चोर आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टाकतो आणि नंबर तुमचा भरतो. सहा आकडी कोड येतो तुमच्या फोनवर. पाठोपाठ ओळखीच्या नावाने मेसेज: ‘काकी, माझा कोड चुकून तुमच्याकडे आलाय, जरा पाठवता?’ त्या ओळखीच्याचं खातं आधीच गेलेलं असतं. तुम्ही कोड दिलात की तुमच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि त्याच्याकडे सुरू. मग तुमच्या नावाने भाच्याला निरोप जातो, ‘दवाखान्यात आहे, लगेच पैसे पाठव.’ भाचा पाठवतो, कारण मावशीने मागितलेत. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. इथे माणसाचा लोभ नाही, माया लुटली जाते.

मेसेज एन्क्रिप्टेड असतात, हे खरं. ते वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण पलीकडे टाइप करणारा खरा कोण, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पैशांचा विषय निघाला की साधा फोन लावा, बोला, घरातलंच काहीतरी विचारा.

होमस्टेवाल्यांनो, ‘मी लष्करात आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. स्कॅन केलात की पिन मागतात, आणि तो टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आंबा बागायतदारांनाही हेच लागू. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका. ते अ‍ॅप असतं, फोनमधले एसएमएस चोरू शकतं. आणि ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून केलेली अटक, आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलीस दिसला तर कॉल कापा.

कोड दिला गेलाच, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आपला नंबर पुन्हा नोंदवा. नवा कोड भरलात की चोर बाहेर पडतो. त्याने तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप खात्याला स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, म्हणून ग्रुपवाल्यांना फोन करून लगेच सावध करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तासाभराच्या आत फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येते. लाजेखातर दोन दिवस गप्प बसलात तर ती संधी जाते. घरच्यांनीही त्या वेळी ओरडू नये, आधी फोन लावून द्यावा.

आता सगळ्यांनी फोन काढा. सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठरवा, जन्मतारीख नको. तो असला की नुसता एसएमएसचा कोड मिळवून कुणाला तुमचं खातं उघडता येत नाही. मागच्या रांगेतल्या आजींना जमत नसेल तर शेजारच्या मुलांनी दाखवा, पण पिन त्यांचा त्यांनाच टाकू द्या.