दुखणं सरकतं

(गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. श्रोत्यांचे मधले शेरे छापण्याजोगे होते तेवढेच ठेवले आहेत.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘शर्यतीच्या लहान कॅटमरान: गेल्या पन्नास वर्षांतल्या सुधारणा’. तो वाचून दोघांनी फोन करून विचारलं, नाशिकमध्ये हे कुणासाठी? रास्त प्रश्न आहे. आपण पाणी मोजतो ते गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं की स्कूटर काढून बघायला जायचं. त्या पाण्यावर शीड लावून सुटावं, असं काही आपल्या मनात येत नाही. पण चांदवडसारख्या दुष्काळी तालुक्यातून, तळेगाव रोहीतून, दत्तू भोकनळ 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवून आला. तेव्हा समुद्र नाही ही सबब आता आपल्याकडे उरलेली नाही.

मी काही खलाशी नाही. अंबडला माझं वर्कशॉप होतं. बुश, पिन, शाफ्ट, कुणाचं काय तुटलंय ते. म्हणजे मी आयुष्यभर तुटलेल्या वस्तूंकडेच बघत आलो. त्या नजरेतून मला एक गोष्ट दिसली आणि ती सांगायला मी आलोय. यंत्रात कुठलीही सुधारणा केली तरी दुखणं जात नाही, सरकतं. इथलं तिथे जातं. ज्याला ते कुठे गेलं हे आधी कळतं तो हुशार. बाकीच्यांना मागाहून कळतं. मी बाकीच्यांतला.

हे जे टेबलावर आहे ते पुढच्या रांगेतून फिरवा. जपून, कड धारदार आहे. काय आहे ते सांगतो, पण आधी होडी डोळ्यांपुढे आणू.

दोन अरुंद होड्या समांतर ठेवायच्या. मध्ये दोन आडव्या नळ्या, नळ्यांवर ताणून बसवलेलं जाळीदार कापड, त्याला ट्रॅम्पोलीन म्हणतात. पुढच्या नळीवर डोलकाठी उभी, तिला तीन बाजूंनी तारांचे ताण. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांनी डोळे मिटावेत, त्यांना अर्धी होडी आधीच दिसलीय. कडेचा अँगल, बाहेर जमिनीत पुरलेला ताण आणि तारेवर तोललेला सगळा मांडव. डोलकाठीचं गणित तेच. फरक इतकाच की आपला मांडव जागचा हलत नाही. म्हणजे, हलू नये अशी अपेक्षा असते. (हशा) हसताय ते बागायतदार नाहीत, हे लगेच कळतं.

कॅटमरान हा शब्द इंग्रजांचा नाही बरं का. तमिळ कट्टुमरम, बांधलेले ओंडके. आपल्या कोकणातली उलांडी तिचीच चुलत बहीण. 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या एका शर्यतीत नॅथॅनियल हेरेशॉफ नावाच्या माणसाने स्वतः बांधलेली दोन अंगांची ‘अमॅरिलिस’ उतरवली आणि बाकीच्यांना मागे टाकलं. मग काय झालं असेल? हरलेल्यांनी तक्रार केली, असली होडी नियमात बसतच नाही म्हणून. बाद! आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत घाटावर उभं राहून जे ऐकू येतं, तेच तिथे इंग्रजीत.

तर माझी गोष्ट. माझा मेहुणा मुंबईत. त्याने दोघा मित्रांसोबत एक जुनी होबी 16 विकत घेतली. ही होडी कॅलिफोर्नियाच्या होबी आल्टरने 1970 च्या आसपास बाजारात आणली. लांबी साडेसोळा फुटांच्या जरा वर, वजन एकशे पंचेचाळीस किलो. तळ केळ्यासारखा वाकडा, त्यामुळे खाली वेगळी फळी लावावी लागत नाही, वाळूवर सरळ चढवता येते. मेहुण्याचा फोन आला, “दाजी, सुकाणू जड चालतंय, तुम्ही बघा ना जरा.” वर्कशॉपवाल्याला असं कुणी म्हणालं की तो रविवार गेला.

शनिवारी पहाटे पंचवटी एक्सप्रेस धरली, पिशवीत मापं घ्यायचा व्हर्नियर. बायको म्हणाली, समुद्रावर जाताना माणसं टॉवेल नेतात.

सुकाणूची दोन पाती असतात, प्रत्येक होडीच्या शेपटीला एक. पातं पाण्यात उभं राहतं आणि जमीन लागली की मागे उडी मारून वर येतं. ही उडी मारायला कास्टिंगमध्ये, म्हणजे पातं धरणाऱ्या ओतीव भागात, एक कॅम आहे, खाच असलेला फिरता तुकडा, त्याला स्प्रिंगचा दट्ट्या धरून ठेवतो. रेटा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की दट्ट्या सोडतो. आता या जुन्या होडीत भोकं झिजली होती. पातं पूर्ण उभं न राहता थोडं मागे रेलायचं. पातं मागे रेललं की पाण्याचा दाब मागे जातो आणि हातातला टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, बैलासारखा ओढायला लागतो. अर्ध्या तासात खांदा भरून येतो. दुखणं बरोबर सापडलं होतं, एवढं श्रेय मला द्या.

नाशिकला आलो. डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकचे चार बुश वळले, रीमर मारून भोकं सारखी केली. इथवर ठीक. पण तिथे थांबेल तो वर्कशॉपवाला कसला? मी म्हटलं, ही स्प्रिंग मऊ आहे. दुप्पट ताठ स्प्रिंग घातली. कॅमची कड जरा खोल करून दिली, म्हणजे पातं एकदा बसलं की बसलं. स्टेनलेसची पिन, जाडी दीड मिलिमीटरने जास्त. मेहुण्याला सांगितलं, आता हे सुकाणू तुझ्या नातवाला जाईल.

पुढच्या रविवारी अलिबागकडच्या एका उथळ किनाऱ्याशी आम्ही तिघं. वारा छान, टिलर दोन बोटांत. मेहुणा म्हणाला, “दाजी, लोणी!” मी इतका खूश की ओहोटीकडे कुणाचं लक्षच नाही. वाळूचा पट्टा आला. एरवी काय झालं असतं? खट् आवाज करून पातं वर आलं असतं आणि आम्ही थांबलो असतो. माझं पातं वर आलंच नाही. ते वाळूत रुतलं, होडी पुढे गेली आणि मी मेहुण्याच्या मांडीवर. कास्टिंग मधोमध फुटलं. ज्या स्क्रूंवर सुकाणूची बिजागरी होती ते फायबरचा एक लपका घेऊन बाहेर आले आणि शेपटीला भोक पडलं. होडीत पाणी यायला लागलं.

दुसऱ्या बाजूचं सुकाणू शाबूत होतं, म्हणून एका पात्यावर कसेबसे किनाऱ्याला लागलो. जाळी शिवत बसलेले एक म्हातारे कोळी होते. त्यांनी फुटकं कास्टिंग हातात घेतलं, दट्ट्या अंगठ्याने दाबून पाहिला, तो दबेना. मला विचारलं, हे सुटायला ठेवलं होतं ते तुम्ही बांधून का टाकलंत?

मंडळी, मी चौतीस वर्षं रोटाव्हेटरच्या शिअर बोल्ट विकल्या आहेत! शेतकरी दगड लागून बोल्ट तुटली म्हणून यायचा आणि म्हणायचा, शेठ, जरा हाय टेन्साइल द्या, सारखी तुटते. मी त्याला ऐकवायचो, बाबा, ती तुटते म्हणून तुझा गिअरबॉक्स शाबूत आहे. दहा रुपयांत भागतंय, साठ हजारांत जाऊ नकोस. हे सगळं मी लोकांना शहाणपणाने सांगत होतो आणि होडीवर चढल्यावर विसरलो. स्प्रिंग मऊ नव्हतीच. कुणीतरी विचार करून तेवढी ठेवली होती.

बुश मात्र अजून शाबूत आहेत. तेवढं सांगायची संधी मी सोडत नाही.

चिठ्ठी आली. ‘दहा मि.’ बरं. आता विषय.

डोलकाठी. जुनी सगळी अॅल्युमिनियमची, साधारण सव्वीस फूट. होडी ट्रेलरवर, डोलकाठी उभी आणि वर विजेच्या तारा. अमेरिकेत त्यात माणसं गेली. मग ऐंशीच्या दशकात होबीने वरचा भाग फायबरचा केला, वीज खाली येऊ नये म्हणून. आपल्याकडे शेतात अॅल्युमिनियमचा पाइप उभा धरून चालणाऱ्यांनी हे मनावर घ्या. आमची डोलकाठी टेम्पोवरून कसारा घाटातून नेतानाची वेगळी गोष्ट आहे, शेपटीला लाल फडकं म्हणून मेहुण्याचा बनियन बांधला होता, ती आत्ता नको.

शीड वर ओढायचा दोर. साध्या कप्पीवरून दोर वर जाऊन खाली बांधला तर टोकाच्या कप्पीवर शिडाच्या ओढीच्या जवळपास दुप्पट भार येतो. विहिरीवर बादली हाताने धरली असेल त्यांना हे माहीत आहे. म्हणून या होड्यांत शीड वर गेलं की टोकाशी आकड्यात अडकवतात आणि दोर सैल सोडतात. डोलकाठीवरचा दाब तिथल्या तिथे उतरतो. माझ्या मते सगळ्या यादीत ही सर्वांत देखणी युक्ती, आणि तिच्यात महागडं काहीच नाही.

दोर. पूर्वी स्टीलची तार किंवा पॉलिएस्टर. मग डायनीमा नावाचा कृत्रिम धागा आला, हलका, न ताणणारा. ओढलं तेवढं जागेवर पोचतं. पण जुना दोर जरा ताणायचा तेव्हा वाऱ्याचा झटका खायचाही. आता झटका सरळ क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या पकडीवर, क्लीटच्या स्क्रूवर, स्क्रूखालच्या फायबरवर. बघा, सरकलं.

शीड खाली ताणायची कप्प्यांची माळ, डाउनहॉल. जोराच्या वाऱ्यात ती ओढली की डोलकाठी वाकते, शीड सपाट होतं आणि होडी उलटायची वाचते. आधी दोनपट-तीनपट ओढ मिळायची, आता सोळापट मिळते. हाताने वीस किलो ओढले तर घर्षण सोडून तीनशेवीस! बॉल बेअरिंगच्या कप्प्या नसत्या तर निम्मं घर्षणातच गेलं असतं. पण एवढा दाब घ्यायला डोलकाठीही तशी लागते. म्हणून कार्बन फायबर, वर हलकंही. अठरा फुटांची ए क्लास होडी, किमान वजन पंचाहत्तर किलो, म्हणजे आपल्या अध्यक्षांपेक्षा... (हशा) जाऊ दे, अध्यक्ष पुढे बसलेत.

टॉर्नेडो. पत्रिकेत हिचा फोटो आहे आणि मी हिच्यावर एक शब्द बोललो नाही. 1967 ची, रॉडनी मार्चने आखलेली, वीस फूट लांब, दहा फूट रुंद. 1976 ते 2008 ऑलिंपिकमध्ये होती. सिडनी 2000 नंतर तिला दोन गोष्टी मिळाल्या. एक, पुढे फुग्यासारखं मोठं शीड, स्पिनेकर. दोन, दुसरा ट्रॅपीझ. म्हणजे दोघंही खलाशी कमरेच्या हुकाने तारेला लटकून होडीबाहेर. पूर्वी एक लटकायचा, एक बसायचा. दोन माणसं बाहेर गेली की होडी जास्त वारा पेलते आणि वाऱ्याचा तो सगळा जोर ताणांत, नळ्यांत, सांध्यांत येतो. स्पिनेकरला पुढे काठी हवी, काठीला आधाराचे दोर हवेत, शीड गिळायला लांब नळी हवी. एक वस्तू घेतली की तिचं बिऱ्हाड येतं. आमच्याकडे मुलाने एअर फ्रायर आणला तेव्हा ओटा तोडावा लागला.

‘पाच मि.’ दिसलं हो.

नॅक्रा 17. ऑलिंपिकमध्ये रिओपासून, एक पुरुष एक स्त्री असा संघ. 2017 पासून खाली पंखांसारखी पाती, फॉइल, वेग आला की होडी पाण्याबाहेर उचलली जाते. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे इटलीचे तीता आणि बांती जिंकले. आता सांगा, होडी हवेत आहे, मग तिचा भार कुणावर? त्या चार पात्यांवर, पाती जिथे बसतात त्या खाचांवर आणि मागे सुकाणूच्या बिजागरीवर. जिथे माझं फाटलं होतं तिथेच. शिवाय पूर्वी पाण्यात पडायचे, आता धारदार पात्यावर पडू शकतात. म्हणून डोक्यावर हेल्मेट, अंगात चिलखतासारखं जाकीट. दुखणं होडीतून निघून माणसापर्यंत आलं.

होबी 16 मात्र जवळपास होती तशीच. वर्गाचे नियम कडक, घरी वळलेले भाग शर्यतीत चालत नाहीत. मला तेव्हा राग आला होता त्याचा. पत्रही लिहिलं होतं त्यांना, चार पानी, ड्रॉइंगसकट. पाठवलं नाही.

एकच प्रश्न घेऊ? बोला. ...नवी होडी केवढ्याला? ते मेहुण्याला विचारा, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तुमच्याशी बोलेल. आणि ते कास्टिंग कुठवर गेलं? चौथ्या रांगेत? ताई, त्यातला दट्ट्या दाबून बघताय ना, दबायचा नाही तो. दोन्ही हातांनीही नाही.