डॉक्टरांसमोर दुभाषी मागून घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळा आला की भारतातून न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला, टेक्सासला आई-वडिलांची ये-जा सुरू होते. कुणी सहा महिन्यांसाठी येतं, कुणी ग्रीन कार्ड घेऊन कायमचं. देवळात, बागेत, भाजी घेताना त्यांचं मोडक्यातोडक्या इंग्रजीवर भागतं. अडतं ते दवाखान्यात. तिथं मुलगा सोबत जातो, नाहीतर सून, आणि डॉक्टरांचं मराठीत व आईचं इंग्रजीत सांगण्याचं काम त्यांच्यावर येतं. रजा टाकून, मायेनं केलेलं हे काम असतं. तरीही माझा आग्रह आहे की ते तुम्ही करू नका. तुम्ही आईजवळ बसा, तिचा हात धरा, पण बोलणं पोहोचवायला प्रशिक्षित दुभाषी मागा. त्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

हा हक्क आला कुठून? अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेनं कुणाशी मूळ देशावरून भेदभाव करायचा नाही. भाषेच्या अडचणीमुळे कुणी सेवेपासून वंचित राहिलं तर तोही असाच भेदभाव, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी भाषिक शाळकरी मुलांच्या खटल्यात मान्य केलं. पुढे २०१० च्या आरोग्य कायद्याचं, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात त्याचं, १५५७ वं कलम खास आरोग्यसेवेसाठी आलं. मेडिकेअर, मेडिकेड या सरकारी आरोग्य-विमा योजनांचे पैसे घेणारी हॉस्पिटलं आणि दवाखाने त्यात येतात. रुग्ण नागरिक आहे की व्हिजिटर व्हिसावर आलेला, यानं फरक पडत नाही.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरली आणि भाषा-साहाय्याबद्दलचा २००० सालचा जुना आदेश रद्द झाला. तेव्हापासून 'आता दुभाषी मिळत नाही' असं अनेकांना वाटतं. ते बरोबर नाही. १९६४ चा आणि २०१० चा हे दोन्ही कायदे संसदेनं केलेले आहेत, आणि आदेशानं कायदा रद्द होत नाही.

आता, घरच्या माणसानं सांगितलं तर बिघडतं काय? २००३ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. लहान मुलांच्या दवाखान्यातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या तेरा भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या होत्या. एका भेटीत सरासरी ३१ चुका निघाल्या, आणि त्यांतल्या ६३ टक्के चुकांचा परिणाम उपचारांवर होऊ शकला असता. सगळ्यात जास्त चुका गाळण्याच्या होत्या: सांगितलंच नाही. २०१२ मधल्या दुसऱ्या अभ्यासात अशा धोक्याच्या चुकांचं प्रमाण ऐनवेळी उभ्या केलेल्या माणसांत २२ टक्के, तर व्यावसायिक दुभाषांत १२ टक्के होतं. आणि ज्यांचं प्रशिक्षण शंभर तास किंवा अधिक झालं होतं त्यांच्यात अवघं दोन टक्के. म्हणजे दोन्ही भाषा येणं पुरत नाही, शिकावं लागतं.

मराठीत हे कुठं घसरतं ते बघा. आपले आकडे घ्या. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर. इकडे वाढलेल्या कित्येक मुलांना हे आकडे पटकन लागत नाहीत. आजी म्हणाली 'सकाळी एकोणतीस युनिट इन्सुलिन घेते' आणि नातवानं एकोणचाळीस सांगितलं, तर दहा युनिटांचा फरक पडला. इतक्या जादा इन्सुलिननं साखर धोकादायक उतरू शकते. तसंच दीड, अडीच, पावणेदोन. प्रशिक्षित दुभाषी आकडा ऐकला की कागदावर अंकांत टिपतो, आणि जरा शंका आली तरी पुन्हा विचारून घेतो.

मग लाजेचा भाग. 'अंग बाहेर येतंय' हे आई मुलासमोर बोलणारच नाही, वर्षानुवर्षं सोसेल. आणि समजा बोललीच, तर वीस वर्षांच्या मुलाला हे गर्भाशय खाली सरकण्याचं दुखणं आहे हे कुठून कळावं? लघवीचा त्रास, मशेरी, दारू, झोप न येणं, मरून जावंसं वाटणं, घरात होणारा जाच, हे सगळं डॉक्टरांना विचारावं लागतं. जाच करणाराच मधे बसून भाषांतर करत असेल तर खरं उत्तर येणार कसं?

म्हणूनच १५५७ कलमाच्या २०२४ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णाला 'तुमचा माणूस घेऊन या' असं सांगता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला मधे घालायचं तर ते फक्त जिवावर बेतलेल्या तातडीच्या वेळी, दुभाषी लगेच मिळत नसेल तेव्हा, आणि तेही तो मिळेपर्यंतच. मोठ्या नातेवाइकाकडून काम घ्यायला तातडी नसताना एकच वाट आहे. रुग्णानं स्वतः तशी इच्छा बोलून दाखवायची, तीही एकांतात, दुभाषाच्या मदतीनं; नातेवाइकाची तयारी हवी, त्याच्यावर विसंबणं योग्य आहे असं दवाखान्याला वाटायला हवं, आणि नोंद व्हायला हवी. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपलाही मर्यादा आहे. संमतिपत्रासारखा महत्त्वाचा मजकूर यंत्रानं केला तर तो योग्य मानवी भाषांतरकारानं तपासला पाहिजे.

आता मागायचं कसं. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: 'मराठी इंटरप्रिटर हवा.' नुसतं 'इंडियन' म्हणू नका, हिंदीवाला जोडून देतील, आणि आई भिडेखातर 'चालेल' म्हणेल. मराठी हे नाव स्पष्ट उच्चारा, अक्षरं एकेक करून सांगा, आणि 'फाइलमध्ये पहिली भाषा म्हणून नोंदवा' असंही सांगा. स्पॅनिश दुभाषी फोनवर चटकन मिळतो, मराठीला वेळ लागू शकतो. म्हणून आधी वेळ ठरवून घेणं हिताचं. आई अहिराणी किंवा मालवणी बोलणारी असेल तर तेही कळवा. बोलणं दोनदा होत असल्यानं भेटीला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे लांब वेळेची अपॉइंटमेंट मागा.

ज्येष्ठांना ऐकू कमी येत असेल तर फोनपेक्षा व्हिडिओ बरा, आणि प्रत्यक्ष माणूस सगळ्यात बरा. फोनच असेल तर स्पीकर रुग्णाजवळ हवा, डॉक्टरांच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नको. श्रवणयंत्राची बॅटरी घरून तपासून न्या. फोनवरच्या दुभाषाला खोली दिसत नाही, म्हणून 'इथं दुखतं' म्हणून बोट दाखवून उपयोग नाही. उजव्या बरगडीखाली, गुडघ्याच्या मागे, असं तोंडानं सांगायला हवं. सुरुवातीला दुभाषी आपला ओळख क्रमांक सांगतो, तो लिहून ठेवा. पुढे काही वाद झाला तर त्यावरून माग लागतो.

काम सुरू होण्याआधी चांगला दुभाषी दोन वाक्यांत आपली पद्धत सांगतो: बोललेलं सगळं सांगीन, काही गाळणार नाही, बाहेर कुठं बोलणार नाही. समोर असला तर तो बहुधा रुग्णाच्या बाजूला, जरा मागे बसतो, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर एकमेकांकडे बघून बोलतात. आईनंही डॉक्टरांकडेच बघावं. तो 'मी' म्हणून बोलतो. आई म्हणाली 'माझ्या छातीत भरून येतं', तर तोही इंग्रजीत 'माझ्या छातीत' असंच म्हणणार. आईनं एक-दोन वाक्यं बोलून थांबावं. सलग पाच मिनिटं बोललं तर मधलं काहीतरी निसटतं.

एखादी गोष्ट अर्धवट कळली तर तो अंदाज बांधत नाही; 'दुभाषी विचारतोय' असं दोन्हीकडे सांगून खुलासा मागतो. रीतिरिवाजाचा गोंधळ दिसला तर तोही उघड बोलून दाखवतो. रक्ततपासणीला डॉक्टर उपाशी यायला सांगतात तेव्हा पाण्याशिवाय काही नको असतं. आपल्याकडे उपास म्हटलं की साबुदाण्याची खिचडी चालते, दूध चालतं, आणि मग साखरेचा आकडा भलताच येतो. असं होईल अशी शंका आली की जाणता दुभाषी डॉक्टरांना सावध करतो.

एक अवघड गोष्ट. 'कॅन्सर आहे हे बाबांना सांगू नका' अशी गळ मुलं दुभाषाला घालतात. तो ती ऐकू शकत नाही, आणि त्यानं ऐकूही नये. पण वाट आहे. किती ऐकायचं आणि कुणाला सांगायचं हे ठरवण्याचा अधिकार बाबांचा आहे. तेव्हा तपासण्यांचे निकाल येण्याआधीच डॉक्टरांनी त्यांना विचारावं: सगळं तुम्हाला सांगू, की मुलीशी बोलू? ते म्हणतील तशी नोंद होते.

भारतातून येताना औषधांच्या पट्ट्या सोबत आणा आणि मूळ औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. क्रोसिन, थायरोनॉर्म ही नावं इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत; शिवाय आपलं पॅरासिटामॉल इथं ॲसिटामिनोफेन म्हणून विकतात. घरी घेत असलेली चूर्णं आणि काढेसुद्धा यादीत हवेत, काहींचा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी झगडा होतो. आणि भेट संपताना, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, आईनं गोळ्या कधी व किती घ्यायच्या ते स्वतःच्या शब्दांत दुभाषामार्फत परत सांगावं. मान डोलावणं म्हणजे कळणं नव्हे. आपली वडील माणसं डॉक्टरांच्या आदरापोटीच मान डोलावतात.

ज्यांच्या दोन्ही भाषा पक्क्या आहेत अशा श्रोत्यांसाठी एक निरोप. मराठी दुभाषांची गरज आहे. सर्टिफिकेशन कमिशन फॉर हेल्थकेअर इंटरप्रिटर्स या संस्थेची 'कोअर सीएचआय' परीक्षा कोणत्याही भाषेच्या दुभाषाला देता येते. त्याआधी किमान चाळीस तासांचं प्रशिक्षण लागतं.

दुभाषी नाकारला तर वाद घालत बसू नका. रुग्णांच्या तक्रारी बघणाऱ्या हॉस्पिटलच्या माणसाला, म्हणजे 'पेशंट ॲडव्होकेट'ला, बोलवायला सांगा. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत १५५७ कलमासाठी एक समन्वयक नेमलेला असायला हवा, त्याचं नाव विचारा. कोण काय म्हणालं, किती वाजता, हे त्याच दिवशी लिहून काढा. तेवढ्यानंही काम झालं नाही तर केंद्रीय आरोग्य खात्याच्या 'ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स'कडे घटनेपासून १८० दिवसांच्या आत तक्रार करता येते. ती ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही, आणि आईच्या वतीनं तुम्हीही करू शकता.